लाखोरीवरची बंदी आणि आपल्या ताटातली डाळ



गटाच्या बैठकीत किराण्याचा विषय निघाला की गाडी तुरीच्या डाळीवर येऊन थांबते. तांदूळ रेशनचा मिळतो, घरचा धानही असतो. तेल, साखर यांचा मेळ बसतो. डाळीचा बसत नाही. मग वरणात पाणी वाढतं. आज या डाळीच्याच गोष्टीतला एक जुना भाग सांगायचा आहे. त्यात एक अशी डाळ आहे, जी आपल्या बांधीत जवळजवळ फुकट पिकायची, जिच्यात तुरीपेक्षा जास्त प्रथिने आहेत आणि जिच्या विक्रीवर सरकारने बंदी घातली होती. आपण तिला लाखोरी म्हणतो. कुणी लाख म्हणतं, कुणी लाखोळी. छत्तीसगडात माहेर असलेल्या बाया तिला तिवरा म्हणतील आणि हिंदी पुस्तकांत ती खेसारी आहे.

जुन्या बायांना हे पीक कसं येतं ते वेगळं सांगायला नको, पण नव्या सुनांसाठी सांगते. धान कापणीला यायच्या आधी पंधरा-वीस दिवस, बांधीत ओल असताना, उभ्या धानातच लाखोरीचं बी फेकायचं. यालाच उतेरा म्हणतात. नांगर नाही, वखर नाही, खत नाही, वेगळं पाणी नाही. धान कापून नेला की खाली हिरवी रोपं उभी असतात. धानाने मागे ठेवलेल्या ओलीवर आणि हिवाळ्याच्या दवावर ती वाढतात, निळी-जांभळी फुलं येतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये पीक घरी येतं. डाळवर्गातलं झाड असल्यामुळे मुळांवरच्या गाठींतून जमिनीला नत्र मिळतं, ते पुढच्या धानाच्या कामी येतं. पाऊस दगा देऊन गेला, हरभरा करपला, तरी लाखोरी तग धरते. बांधीत फार पाणी साचलं तरी सहसा मरत नाही. इतकं चिवट पीक दुसरं क्वचितच असेल.

आणि हीच चिवट सवय तिच्या बदनामीचं कारण झाली. ते कसं, ते पाहण्यासाठी आपल्याला दोनशे वर्षं मागे, सागरला जावं लागेल. सागर आज मध्य प्रदेशात आहे. पुढे १८६१ मध्ये इंग्रजांनी नागपूर राजधानी करून मध्य प्रांत बनवला, तेव्हा सागर आणि आपला भंडारा जिल्हा एकाच प्रांतात आले. गोंदिया तेव्हा भंडाऱ्यातच होतं. आपला वेगळा जिल्हा १ मे १९९९ चा.

विल्यम स्लीमन नावाचा इंग्रज अधिकारी सागर भागात होता. ठगांचा बंदोबस्त करणारा म्हणून त्याचं नाव शाळेच्या पुस्तकातही येतं. १८४४ मध्ये छापलेल्या आपल्या आठवणींत त्याने त्या भागातल्या एका दुर्दैवाची हकीकत लिहून ठेवली आहे. १८२९ मध्ये गारांनी गहू गेला. पुढच्या साली पाऊस कमी पडला. त्याच्या पुढच्या साली गव्हावर तांबेरा पडला. तीन वर्षं लागोपाठ सगळं पीक बुडालं, फक्त त्या शेतांत आपोआप माजलेली तिवरी तरारून आली. लोकांनी तीच खाल्ली. दुसरं काही नव्हतंच. वर्ष-दोन वर्षं नुसत्या तिवरीवर काढली. १८३३ च्या सुमाराला तरण्या पोरांचे पाय जायला लागले. रात्री धड झोपलेला माणूस सकाळी उठला तर कमरेखाली पाय लुळे. ज्यांचे गेले, त्यांचे परत आले नाहीत.

या रोगाला डॉक्टर लोक लॅथिरिझम म्हणतात, कारण शास्त्रात या झाडाचं नाव लॅथिरस सटायव्हस आहे. आधी पोटऱ्या ताठतात. माणूस चवड्यांवर चालायला लागतो, गुडघे एकमेकांवर घासतात. मग एक काठी लागते, मग दोन आणि शेवटी हातांवर घसटत जायची वेळ येते. डोकं शाबूत असतं, हात शाबूत असतात. वेदनाही फार नसते. नुसते पाय जातात. आणि आजही त्यावर औषध नाही.

पुढे १८९६-९७ आणि १८९९-१९०० हे दोन मोठे दुष्काळ आले. त्या दुष्काळांच्या काळात मध्य प्रांतात हा रोग इतका दिसला की अँड्र्यू ब्यूकॅनन या सरकारी डॉक्टरने १८९६ ते १९०२ या वर्षांचा वेगळा अहवाल तयार केला. तो १९०४ मध्ये नागपुरात छापला गेला. म्हणजे आपल्या प्रांतात हा प्रश्न सरकारला ठाऊक होता, कागदावर होता.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या.   फरक पडला तो प्रमाणात. ताटात भात-पोळी आहे, भाजी आहे, दुसरी डाळ आहे आणि त्यात थोडी लाखोरी आहे, तेव्हा पाय गेले नाहीत. ताटात फक्त तीच राहिली, रोज, महिनोन्महिने, तेव्हा पाय गेले. जिथे जिथे हा रोग मोठ्या संख्येने आला, तिथली कथा अशीच आहे. रेवा-सतना भागात सालदारांना मजुरी म्हणून पैसे नाहीत तर हीच डाळ मिळायची. मालकाला ती सगळ्यात स्वस्त पडायची. मजुराला निवड नव्हती. त्या भागात पिढ्यानपिढ्या पांगळे झालेले लोक होते आणि ते जवळजवळ सगळे मजुरांच्याच घरांतले.

परदेशातही हेच. स्पेनमध्ये १८११-१२ मध्ये माद्रिद शहरात मोठा दुष्काळ होता, तेव्हा लोक याच दाण्याच्या पिठाची लापशी खाऊन जगले. गोया या नामांकित चित्रकाराने त्याचं चित्र काढून ठेवलं आहे. लापशीसाठी गोळा झालेली माणसं आणि पुढे जमिनीवर पडलेली एक बाई. दुसऱ्या महायुद्धात युक्रेनमधल्या वाप्नियार्का या छावणीत हजाराहून अधिक ज्यू कैदी होते. १९४२ च्या शेवटी त्यांना रोज हेच दाणे शिजवून द्यायला लागले, माणशी पावशेरापेक्षा बरेच जास्त. काही आठवड्यांत लोकांचे पाय लुळे पडू लागले. कैद्यांमध्येच आर्थर केसलर नावाचे डॉक्टर होते. हा रोग कशाचा आहे, हे त्यांनी ओळखलं. कैद्यांनी ते अन्न नाकारलं, तेव्हा कुठे ते बदललं गेलं. तोवर कितीतरी जण जन्माचे अधू झाले होते. माद्रिद असो, सागर असो की युक्रेन, भूक लागलेल्या माणसाला एकाच भांड्यातलं खायला लावलं की शरीर हिशोब मागतंच.

डाळीत नेमकं काय आहे, हे मात्र १९६४ पर्यंत कळलं नव्हतं. त्या वर्षी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या राव, अडिगा आणि सर्मा या शास्त्रज्ञांनी लाखोरीच्या दाण्यातून तो घटक वेगळा काढून दाखवला. त्याचं नाव फार लांब आहे, सगळे त्याला ओडॅप म्हणतात. मज्जातंतूंवर त्याचा परिणाम होतो. आपल्या कामाची गोष्ट अशी की हा घटक पाण्यात विरघळतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने यावर काम केलं. डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकलं, किंवा भरपूर पाण्यात उकळून पाणी काढून टाकलं, तर ओडॅपचा मोठा भाग निघून जातो. आपल्याकडच्या कितीतरी घरांत लाखोरी शिजवताना पहिलं पाणी काढून टाकायची पद्धत होती. कारण कुणाला ठाऊक नव्हतं, ‘उग्र वास जातो’ एवढंच सासू सांगायची. (आता मात्र काही जणी म्हणतात की पाण्यात जीवनसत्त्व जातं, म्हणून टाकू नये. इतर डाळींसाठी ते खरं आहे. लाखोरीसाठी नाही.)

पण शास्त्रज्ञांचं हे काम व्हायच्या आधीच, १९६१ मध्ये, बंदी आली होती. अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याच्या नियमांत एक नवा नियम घातला गेला. खेसारी, तिची डाळ, तिचं पीठ, हरभऱ्याच्या पिठात तिचं मिश्रण, काहीही विकायचं नाही. नियम केंद्राचा होता, पण तो कोणत्या तारखेपासून लागू करायचा हे राज्याने ठरवायचं होतं. महाराष्ट्राने तो लागू केला. मध्य प्रदेश, बिहार, पश्चिम बंगाल इथे पीक इतकं मोठं होतं की तिथे तो लागू झाला नाही. म्हणजे आपल्या आमगाव-सालेकसाच्या बांधीत पिकलेली डाळ बाजारात गुन्हा, आणि सीमा ओलांडून बालाघाटला गेली की माल.

बंदीचा हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही. सागर-रेव्याचे पांगळे लोक डोळ्यांसमोर असताना सरकारने काही करायलाच हवं होतं. पण जे करायला हवं होतं ते मजुरीचं होतं. मजुराला रोख मजुरी मिळाली असती, दुसरं धान्य मिळालं असतं, तर त्याने नुसती लाखोरी खाल्ली नसती. ते अवघड होतं. नियम छापणं सोपं होतं.

बंदीनंतर काय झालं, ते आपल्या भागातल्या कुठल्याही जुन्या कास्तकाराला विचारा. पीक थांबलं नाही. धानाच्या बांधीत दुसरं काही इतक्या बिनखर्चात येतच नव्हतं. फक्त भाव पडला. कायद्याने जी वस्तू खाण्याची म्हणून विकता येत नाही, ती व्यापारी गुरांचा चारा म्हणून, पडेल भावात घेतो. आणि घेतल्यावर गुरांनाच घालतो असं थोडंच आहे? तिचं पीठ बेसनात गेलं. तिची डाळ तुरीच्या डाळीत गेली. कास्तकाराकडून स्वस्तात घेतलेली लाखोरी शहरातल्या ग्राहकाला तुरीच्या भावात मिळाली. आजही तूरडाळ सुटी घेताना मूठभर ताटात पसरून बघा. तुरीची डाळ गोल आणि कडेला गुळगुळीत असते. लाखोरीचा दाणा पाचरीसारखा, एका बाजूने उतरता, कोनाकोनांचा दिसतो.

आणि घराच्या आत तर कुणी बंदी विचारलीच नाही. कोवळ्या पाल्याची भाजी होत राहिली, वाळवून ठेवलेला पाला उन्हाळ्यात निघत राहिला, वडे होत राहिले. बाजाराच्या हिशोबात मात्र ती गरिबाची, लाजेची डाळ झाली. पाहुणा आला की लपवायची.

या बंदीविरुद्ध विदर्भात सर्वांत जास्त काळ लढले ते नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी. त्यांचं म्हणणं साधं होतं. विदर्भातले लोक पिढ्यानपिढ्या ही डाळ जेवणात खात आले आहेत, त्यांचे पाय गेलेले नाहीत. गरिबाच्या ताटातली सर्वांत स्वस्त प्रथिने तुम्ही काढून घेत आहात. त्यांनी निवेदने दिली, उपोषणे केली, कोर्टकचेऱ्या केल्या. शेवटी २००८ मध्ये महाराष्ट्र सरकारने राज्यातली विक्रीबंदी उठवली. हैदराबादच्या पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी आपल्या गोंदियासह विदर्भातल्या लाखोरी खाणाऱ्या भागात पाहणी केली. ती २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. एवढ्या मोठ्या लोकसंख्येत या रोगाचे रुग्ण अगदी मोजके निघाले.

दुसरी बाजूही सांगायला हवी. २०१६ च्या सुरुवातीला भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने कमी ओडॅप असलेल्या तीन वाणांना हिरवा कंदील दाखवला. रतन, प्रतीक आणि महातिवरा ही त्यांची नावं. महातिवरा आपल्या शेजारी, रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठातून आलं. तेव्हा देशभर वाद झाला. काही डॉक्टरांचा आणि शास्त्रज्ञांचा आक्षेप असा की पोत्यातली डाळ कमी ओडॅपची आहे की जुन्या वाणाची, हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. शिवाय पाण्याचा ताण पडलेल्या वर्षी त्याच वाणात ओडॅप वाढतं. आणि दुष्काळाच्याच वर्षी लोक ती जास्त खातात! हा आक्षेप मला खोटा वाटत नाही. सागरला नेमकं हेच तर झालं होतं. म्हणून लाखोरी निर्धास्त खा, असं मी आज रेडिओवर सांगणार नाही.

मग आपण काय करायचं? आधी थोडा हिशोब करू. पाटी-पेन्सिल असेल तर घ्या.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार ५५ किलो वजनाच्या बाईला दिवसाला साधारण ४६ ग्रॅम प्रथिने लागतात. गरोदरपणात शेवटच्या तीन महिन्यांत त्यावर आणखी २२ ग्रॅम, आणि बाळ अंगावर पीत असेल तर पहिले सहा महिने १७ ग्रॅम जास्त. आता आपलं ताट. रोवणीच्या दिवसांत एक बाई दिवसभरात ३०० ग्रॅम तांदळाचा भात खाते असं धरू. तांदळात १०० ग्रॅमला सात-आठ ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे भातातून २२-२३ ग्रॅम मिळाले. वरण पातळ आहे, तिच्या वाट्याला २५ ग्रॅम डाळ आली, त्यातून पाच-साडेपाच ग्रॅम. भाजीतून दोन-तीन. झाले तीस. सोळा ग्रॅमची तूट रोजची. पोट भरलेलं असतं, म्हणून तूट कळत नाही. ती केसांत दिसते, जखम लवकर भरत नाही त्यात दिसते, बाळाच्या वजनात दिसते.

ही तूट नुसता भात वाढवून भरत नाही. तांदळाच्या प्रथिनात लायसिन नावाचा भाग कमी असतो. डाळीत तो भरपूर. डाळीत जो भाग कमी, तो तांदळात असतो. दोन्ही एका ताटात आले की एकमेकांची उणीव भरतात. आपल्या आज्यांनी खिचडी आणि वरण-भात प्रयोगशाळेत शोधला नव्हता, पण जोडी बरोबर जमवली होती. पोषण संस्था सांगते ते प्रमाण म्हणजे तीन वाट्या कच्च्या तांदळाला एक वाटी कच्ची डाळ. वरच्या हिशोबात २५ च्या जागी १०० ग्रॅम डाळ घालून बघा, बेरीज ४५ च्या पुढे जाते. अंडं, मासळी, मटण खाणाऱ्या घरांतही ते रोज नसतंच. माळकरी घरांत तर मुळीच नाही. त्यामुळे रोजचा भार डाळीवरच आहे.

आता तुम्ही म्हणाल, १०० ग्रॅम तूरडाळ माणशी रोज, म्हणजे पाच माणसांच्या घरात महिन्याला पंधरा किलो, कोण देणार? बरोबर आहे. नुसत्या तुरीने हे जमणार नाही, कधी जमलंही नव्हतं. जुन्या ताटात एकटी तूर नव्हतीच. धुऱ्यावर तूर, बांधीत लाखोरी, परसात पोपटाचा वेल, बरबटी, थोडा मूग, थोडा उडीद, कुळीथ, चटणीला जवस. गावातल्या गावात सात-आठ जातीचा दाणा. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत सिंचन आलं, उन्हाळी धान आला, धानाला हमीभाव आणि खरेदी केंद्र आलं. त्यात वाईट काही नाही. पण इटियाडोहच्या पाण्यावर जिथे दुसरा धान लागला, तिथे उतेऱ्याला जागा उरली नाही. हमीभावाच्या यादीत तूर, मूग, उडीद, हरभरा, मसूर आहेत. लाखोरी नाही, पोपट नाही, बरबटी नाही. जिचा भाव ठरत नाही ती शेतातून जाते, आणि शेतातून गेलेली डाळ किराण्याच्या दुकानातून परत आणणं गरिबाला परवडत नाही.

म्हणून किराण्यात डाळीचा भाव बघताना किलोचा भाव बघू नका, प्रथिनांचा बघा. तुरीच्या डाळीत १०० ग्रॅमला सुमारे २२ ग्रॅम प्रथिने, हरभरा डाळीत २१, मूग आणि उडदाच्या डाळीत २४, मसुरीत २५, लाखोरीत २८, शेंगदाण्यात २५. सोयाबीनच्या तेल काढलेल्या वड्यांत तर पन्नासच्या आसपास. ज्या दिवशी मसूर तुरीपेक्षा किलोमागे वीस-तीस रुपयांनी स्वस्त असते, त्या दिवशी तुरीचा हट्ट म्हणजे जास्त पैसे देऊन कमी घेणं. तुरीची चव वेगळी, मान्य. अर्धी तूर, अर्धी मसूर शिजवा, वरणाची चव फारशी बदलत नाही. सोयाबीनच्या वड्या मूठभर गरम पाण्यात भिजवून, पिळून, कुटून वांग्याच्या भाजीत टाका. गांधीजींनी १९३५ मध्ये वर्ध्याच्या मगनवाडीत सोयाबीनचे प्रयोग केले होते, ते याच स्वस्त प्रथिनांसाठी. तेव्हा आश्रमातल्या मंडळींना ते फारसं रुचलं नसावं असं मला उगाच वाटतं, पण तेव्हा वड्या नव्हत्या, अख्खे दाणे होते.

आणि लाखोरी? घरी पिकत असेल तर खा, पण चार डाळींतली एक म्हणून. आठवड्यात एक-दोन वेळा, तीसुद्धा नीट तयार करून. डाळ रात्री गरम पाण्यात भिजत घाला. सकाळी ते पाणी फेका, दोनदा धुवा. मग भरपूर पाण्यात एक उकळी आणून तेही पाणी गाळून टाका आणि नव्या पाण्यात शिजवा. वड्यांसाठी वाटायची असेल तरी भिजवलेलं पाणी वाटणात घेऊ नका. पाल्यातही ओडॅप असतं, म्हणून भाजीचा पाला उकळून पाणी काढूनच परता. ज्या वर्षी पाऊस कमी झाला, घरात दुसरी डाळ उरली नाही आणि लाखोरीचीच पोती भरलेली आहेत, त्या वर्षी जास्त सावध राहा. तेव्हा ती विकून दुसरी डाळ घ्या, तोटा झाला तरी. गरोदर बाईला आणि लहान लेकरांना मी तरी मूग, मसूर, तूरच देईन. कुणाच्या पोटऱ्या ताठत असतील, चालताना टाचा टेकत नसतील, तर लाखोरी त्याच दिवशी बंद करून प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. वाट बघू नका.

बी घ्यायचं असेल तर कमी ओडॅपच्या वाणाचं घ्या. महातिवरा रायपूरला आहे, रेल्वेने एका दिवसात जाऊन येता येतं. कृषी विज्ञान केंद्रात किंवा तालुक्याच्या कृषी कार्यालयात गटाच्या नावाने मागणी लिहून द्या. एकट्या बाईच्या मागणीपेक्षा गटाचा कागद लवकर पुढे सरकतो. आणि जुनं बी नव्याबरोबर एका कोठीत ठेवू नका, मिसळलं की ओळखता येत नाही.

धुरे मात्र आपले आहेत. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. पऱ्हे टाकायच्या आधी धुऱ्यावर तूर टोकायची, परसातल्या मांडवावर पोपट आणि बरबटीचा वेल चढवायचा. गटातल्या दहा जणींनी प्रत्येकी एक वेगळा दाणा लावला आणि हंगामानंतर पायलीने अदलाबदल केली, तर दहा घरांत दहा डाळी होतात. काही गटांत पूर्वी बियाण्याची अशी देवाणघेवाण होती, ती पुन्हा सुरू करायला भांडवल लागत नाही.

एक शेवटचं. लाखोरीच्या सगळ्या जुन्या अहवालांत पुरुष रुग्ण जास्त नोंदलेले आहेत. का, यावर शास्त्रज्ञांत अजून चर्चा आहे. पण घरातली डाळ वाढून झाल्यावर तळाशी जे उरतं ते कोण खातं, हे त्या अहवालांत कुठेच नाही. आज संध्याकाळी वरण वाढताना पळी आधी तळाला फिरवा आणि आपली वाटी बाकीच्यांबरोबरच भरा. लेकीची पण.

पुढच्या बुधवारी याच वेळेला परसबागेतल्या शेंगांवर बोलू. पोपटाचं बी जास्तीचं असेल त्यांनी बैठकीला येताना पुडीत घेऊन यावं.